तोंडी परीक्षा

छत्तीस वर्षे मी पोरांना मार्क दिले. सानगडी आणि आसपासच्या गावांतली दोन पिढ्यांतली माणसे अजूनही मला रस्त्यात पाहिले की हातातली बिडी पाठीमागे लपवतात. यात गुरुभक्ती किती आणि गुरुजी एक मागून घेतील ही भीती किती, हे मी कधी तपासायला गेलो नाही. काही पेपर न तपासलेलेच बरे असतात.

अशा माणसावर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, इंग्लंडातल्या लेस्टर शहरी, मुलाच्या घरी, एका यंत्राची परीक्षा घेण्याची पाळी आली. यंत्र तोंडात धरायचे असल्यामुळे परीक्षाही तोंडीच होती. निकाल काय लागला ते सांगतोच. पण त्याआधी आदल्या उमेदवाराची, म्हणजे बिडीची, थोडी ओळख करून दिली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना बिडी म्हणजे चौकीदाराच्या कानावर असते ती, एवढेच ठाऊक असते.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे बिडी हे आधी पीक आहे, मग व्यसन. फेब्रुवारी-मार्चात तेंदूची झुडपे छाटायची, एप्रिल-मेच्या उन्हात कोवळी पाने तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे जिथे पाने मोजून घेतात आणि वाळत घालतात तिथे, नेऊन द्यायचे. त्या महिन्यात आमच्याकडे लग्नाची तारीखसुद्धा तेंदूला विचारून धरतात. आणि पाने वाळली की त्यांच्या बिड्या होतात त्या घरोघरी, बायकांच्या मांडीवर.

माझी माय त्यातलीच एक. पाने रात्रभर भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात तंबाखूचा चुरा, बाजूला कात्री, दोरा आणि पत्र्याचा एक चौकोनी तुकडा. तो पत्रा पानावर ठेवायचा, त्याच्या मापाने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. दिवसाकाठी सात-आठशे. पंचवीसचा एक कट्टा. संध्याकाळी ते कट्टे ती कारखान्याच्या माणसाकडे घेऊन जायची. तो चार बिड्या दाबून बघायचा, दोन नाकाशी धरायचा आणि मूठ-मूठभर बाजूला फेकायचा. या नापास. नापास बिड्यांची मजुरी नाही. परीक्षक या प्राण्याविषयी माझे मत तेव्हाच वाईट झाले होते. तरी पुढे मी तोच झालो.

माझ्या शाळेची फी त्या पास बिड्यांतून आली आणि माझी पहिली बिडी त्या नापास बिड्यांतून. माय काही नापास बिड्या घरी परत आणायची. त्यातली एक मी सोळाव्या वर्षी किल्ल्याच्या पडक्या तटाआड बसून ओढली. डोळ्यांतून पाणी आले, घशाला आग लागली, खोकून खोकून पोट दुखले. उमेदवार चांगला असता तर मी त्याला तिथेच नापास केले असते. पण मायच्या हातची होती. आणि मायच्या हातचे काही टाकायचे नाही, अशी आमच्या घरची रीत.

मायने आयुष्यात एक बिडी ओठाला लावली नाही. तरी म्हातारपणी ती खोकायची, माझ्याहून जास्त. पन्नास वर्षे तंबाखूची धूळ नाकातोंडात गेली होती, तिला ओढायची गरजच काय होती? ती गेल्यावर मी बिडी सोडली नाही, उलट वाढवली. कोणी म्हटले, "गुरुजी, सोडा आता," की मी म्हणायचो, "अरे, या बिडीवर मी शिकलो." ऐकणारा गप्प व्हायचा. माणसाला स्वतःच्या व्यसनाचे समर्थन करायला आईपेक्षा मोठा साक्षीदार मिळत नाही.

तर असा मी, २०२५ च्या जून महिन्यात, सहकुटुंब आणि आठ कट्ट्यांसह लेस्टरला उतरलो.

मुलाचे घर छान. पुढे गुलाब, मागे हिरवळ, आणि छताला एक पांढरी वाटी उपडी चिकटवलेली. मला वाटले दिवा असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर थंडी म्हणून मी संडासात खिडकी उघडून एक बिडी पेटवली. तिसऱ्या झुरक्याला ती वाटी अशी किंचाळली की सानगडीच्या मंडईत दंडारीची सगळी वाद्ये एकदम वाजली तरी एवढा आवाज होणार नाही. सून धावत आली. दाराबाहेरून फार अदबीने म्हणाली, "बाबा, काही जळतंय का?"

"माझी अब्रू," असे मी मनात म्हटले. मोठ्याने म्हटले, "काही नाही, उदबत्ती."

संडासात उदबत्ती लावणारा सासरा पाहून तिला कोणता धर्म आठवला असेल कोण जाणे. ही मात्र पलंगावरून उठलीसुद्धा नाही. "लावा अजून एक," एवढेच म्हणाली.

त्या संध्याकाळी मुलगा मला हिरवळीवर घेऊन गेला आणि खिशातून पेनासारखे काहीतरी काढून दाखवले. म्हणाला, "बाबा, मी सिगारेट ओढत होतो, नऊ वर्षं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी यानं सोडली." मला राग यायला हवा होता, पण कानाला लागली ती 'नऊ वर्षं.' बिडी पाठीमागे लपवणाऱ्यांत माझा मुलगाही होता. आणि तो तर माझ्याच घरात राहत होता.

त्याने माहितीही सांगितली. हे आजचे यंत्र निघाले ते चीनमध्ये. होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने ते २००३ च्या सुमाराला काढले. तो स्वतः दणकून ओढणारा. आणि त्याचे वडील, तेही ओढणारे, फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. मुलगा एवढे सांगून थांबला. इंग्लंडात राहून त्याला न बोलता बोलायची सवय लागली आहे. मी म्हटले, "चल, दाखव दुकान."

दुकानदार गुजराती निघाला, त्यामुळे परीक्षेचे माध्यम हिंदी ठरले. एकदा वापरून फेकायची यंत्रे तिकडे त्याच महिन्याच्या १ तारखेपासून बंद झाली होती. आता पुन्हा पुन्हा भरायचीच घ्यायची. एका बाजूला बॅटरी, तिच्या टोकाला बसणारी काचेसारखी छोटी टाकी, तिचे नाव पॉड. पॉडमध्ये कापूस गुंडाळलेली तार, तिचे नाव कॉइल. पॉडात रस भरायचा, तार तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. पान नाही, राख नाही, काडी नाही. विकत घेणाऱ्याचे वय अठरापेक्षा कमी नसावे, असा तिकडचा कायदा. ती एक परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालो.

कायद्याने तिथे सगळ्याला माप घातले आहे. पॉड २ मिलीलिटरपेक्षा मोठा नाही, निकोटिनच्या रसाची बाटली १० मिलीलिटरपेक्षा मोठी नाही आणि एका मिलीलिटरला निकोटिन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. मी गणिताचा मास्तर. उभ्या उभ्या हिशेब केला: दोन गुणिले वीस, एका पॉडात चाळीस मिलिग्रॅम. बावन्न वर्षे ओढलेल्या बिडीत निकोटिन किती, हे मात्र मला मायने सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

घरी येऊन मी कोऱ्या वहीवर रकाने आखले आणि परीक्षा सुरू केली.

रंगरूप: दहापैकी आठ. निळसर, गुळगुळीत. दोन मार्क कापले ते खिशाला लावल्यावर लोक सही मागतील या भीतीने.

भरणे: दहापैकी चार. बाटलीचे झाकण लहान मुलांना उघडू नये म्हणून दाबून फिरवायचे असते. ते मलाही उघडेना. शेवटी नातीने उघडून दिले. पॉडाच्या कडेला रबराचे इवलेसे बूच असते, ते नखाने उचलायचे, बाटलीचे नाक आत घालायचे, हळूच दाबायचे. माझ्या हाताला थोडा कंप आहे. पहिल्या दिवशी निम्मा रस पॉडात, निम्मा लेंग्यावर. ही म्हणाली, "लेंग्याला ओढा आता."

धीर: हा विषय यंत्राचा की माझा, हे शेवटपर्यंत ठरले नाही. भरल्यावर दहा मिनिटे थांबायचे असते, म्हणजे कापूस भिजतो. मायसुद्धा पाने रात्रभर भिजवायची. पण ते माझ्या डोक्यात आले नाही. मी लगेच ओढले. कोरडा कापूस जळला. जळक्या गोधडीचा झुरका कसा लागतो हे ज्याला हवे त्याने मला विचारावे. कॉइल गेली. नवी कॉइल, नवा पॉड, नवा खर्च. मुलगा म्हणाला, "बाबा, वरचा माहितीचा कागद वाचायचा असतो." प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचा, असे छत्तीस वर्षे ओरडलेल्या माणसाला हे ऐकावे लागले.

चव: दहापैकी दोन. तंबाखूची चव म्हणून एक बाटली आणली, तिच्यात तंबाखू सोडून सगळे होते. मग आंब्याची आणली. तो आंबा कोणत्याही झाडाने पाहिलेला नसावा. पण बरी लागली. इथेच माझे परीक्षक म्हणून लक्ष चुकले.

वास आणि धूर: दहापैकी दहा. छतावरची वाटी गप्प राहिली. सून पुन्हा जवळ बसून बोलू लागली. ही म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या शर्टाला शर्टाचा वास येतो."

खोकला: पंधरा दिवसांत सकाळचा खोकला खरेच निम्म्यावर आला. तिकडचे सरकारी आरोग्य खातेही असेच सांगते: ओढण्यापेक्षा हे कमी घातक, पण निर्धोक नव्हे, ओढणाऱ्याने सोडण्यासाठी वापरावे, न ओढणाऱ्याने हातही लावू नये. दहापैकी सात दिले.

बेरीज करायला घेतली तर उमेदवार चांगल्या मार्कांनी पास होत होता. रोजच्या वापराला उत्तम, असा शेरा मी लिहूनही टाकला असता. पण दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी. एका रात्री अडीच वाजता मला जाग आली, ती तोंडात यंत्र होते म्हणून. उशीवर डोके, अंगावर रजई, आणि मी ओढतो आहे. केव्हा हात गेला, कळले नाही. बिडी असती तर उठावे लागले असते; चष्मा शोधा, चप्पल शोधा, कट्टा शोधा, आगपेटी शोधा, बाहेर जा, हिचे दोन शब्द ऐका. एवढ्या डोंगरावरून जायचे तर तल्लफसुद्धा दमून झोपते. शिवाय बिडी कधीतरी संपते. बोटाला चटका देऊन सांगते की बस. जरा दुर्लक्ष केले की मानी माणसासारखी विझून जाते. या यंत्राला ना चटका, ना शेवट. सकाळी पॉड पाहिला तर कोरडा. दोन दिवस पुरेल म्हणून दुकानदाराने सांगितलेला रस मी एका दिवसरात्रीत संपवला होता.

मी अंधारात बसून राहिलो. इतकी वर्षे मला वाटत होते, मी बिडी ओढतो ती पानठेल्यावरच्या गप्पांसाठी, पावसासाठी, पेपर तपासून झाल्यावरच्या समाधानासाठी, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे मायसाठी. या यंत्रात पानठेला नव्हता, पाऊस नव्हता, मायचे बोट तर नव्हतेच नव्हते. चिनी तार होती आणि खोटा आंबा. तरी मी ओढतच होतो. म्हणजे मला हवे होते ते एवढेच, चाळीस मिलिग्रॅम. मायला मी उगाच इतकी वर्षे साक्षीला उभी करत होतो.

दुसरी गोष्ट दुसऱ्याच दिवशी. सात वर्षांची नात मांडीवर येऊन बसली, माझ्या खिशातले यंत्र काढून नाकाशी नेले आणि म्हणाली, "आबाजी, तुमच्या पेनला मँगोचा वास येतो. मला याने लिहून बघू दे ना!"

बिडीला वास घेऊन कोणत्या लेकराने कधी अशी मागणी केली नसेल. बिडी दारातच ओरडून सांगते, मी वाईट आहे, पुढे ये तर खबरदार; तटाआड मला तिने तसे सांगितलेही होते, मीच ऐकले नाही. हे यंत्र मात्र लेकराशी गोड बोलत होते. मी ते तिच्या हातातून इतक्या झटक्याने घेतले की ती रडली. तिला मी खरे पेन दिले, वही दिली. ती माझ्या मार्कांचीच वही निघाली. रकान्यांवर तिने एक हत्ती काढला. परीक्षा तिथे संपली.

रात्री मुलाला म्हटले, "तू कसा सुटलास यातून?"

तो म्हणाला, "उतरत गेलो. विसाचा रस, मग दहाचा, मग पाचाचा, मग बिननिकोटिनचा. मग एक दिवस चार्ज करायला विसरलो. बाबा, ही शिडी आहे. शिडीवर संसार करायचा नसतो."

मुलाने बापाला शिकवावे, हे मला एरवी आवडत नाही. पण उत्तर बरोबर असेल तर मार्क द्यावेच लागतात. मी विसावरून दहावर आलो, दहावरून पाचावर. मधे चार वेळा पाय घसरला, एकदा मागच्या हिरवळीवर लपून शेवटचा कट्टा फोडला. तो ओला झाला होता, पेटला नाही. देवाने मला इंग्लंडात पाठवले ते त्या पावसासाठी असावे.

सप्टेंबरात परत यायचे ठरले. मी यंत्र पिशवीत घालणार, तेवढ्यात मुलाने हात धरला. आपल्याकडे २०१९ पासून ही यंत्रे बंद आहेत. बनवणे, आणणे, विकणे, जाहिरात करणे, सगळे. पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवून ठेवली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा तेही दोन्ही. ही लगेच म्हणाली, "आणा, आणा. सहा महिने तरी घर शांत राहील." शेवटी ते यंत्र मुलानेच ठेवून घेतले, बॅटऱ्या गोळा करणाऱ्या पेटीत टाकायला. मी वळून पाहिले नाही. एकदाच पाहिले.

सानगडीत पाऊल ठेवले तेव्हा पानठेल्यावर चर्चा जोरात होती. त्याच महिन्यात बिडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचे ठरले होते आणि तेंदूच्या पानावरचा १८ वरून ५ वर. म्हणजे वाफेला कैद आणि धुराला सूट! मी हसणार होतो. पण सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका डोळ्यांपुढे आल्या आणि हसू अर्ध्यावर थांबले. धूर बंद व्हावा आणि त्यांची चूलही पेटावी, हे गणित मी कुठल्या वर्गाला शिकवले नाही. मला येतच नाही.

"का जी गुरुजी," ठेल्यावरचा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "पोरानं तुमाले वाफेची बिडी पाजली म्हनते! कशी रायते ते?"

खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला. चार जण सरकून बसले. मी निकाल जाहीर केला: "शिडी म्हणून पास. घर म्हणून नापास."

कोणालाच कळले नाही, त्यामुळे सगळ्यांना पटले. एकाने आपल्या कट्ट्यातली बिडी पुढे केली. माझा हात गेला. खोटे कशाला बोलू? अर्ध्या वाटेपर्यंत गेला. मग मी तो वळवून खिशात घातला.

खिशात हल्ली मी एक वस्तू ठेवतो. घरी आल्यावर मायच्या पेटीत सापडली. पत्र्याचा चौकोनी तुकडा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. हाताला चाळा लागतो तेव्हा अंगठा त्यावरून फिरवतो. सहा महिने होत आले, तेवढ्यावर भागते आहे. तीनदा नापास झालो. पण तोंडी परीक्षेत पुन्हा बसता येते, हा नियम मीच केला होता.

विद्यार्थ्याने माझ्या हातातली चमक बघितली. "हेच का जी ते मशीन? दाखवा न. चार्जिंग कोठून होते याची?"

"याला लागत नाही," मी म्हणालो, आणि घराकडे चालू लागलो. मागे ठेल्यावर बराच वेळ शांतता होती. मग कोणीतरी म्हणाल्याचे ऐकू आले, "इंग्लंडचा माल हाय बा, दिसते साधा!"